घारीची शेपटी

भिवंडीहून वाड्याला जाणारा रस्ता आणि वज्रेश्वरीकडे वळणारा रस्ता जिथे भेटतात, त्या अंबाडी नाक्यावर भर दुपारी मान वर केली तर बहुधा एखादी घार दिसते. पंख ताणलेले, फडफड जवळजवळ नाही, तरीही तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या आधाराने ती घिरट्या घेत वर चढत असते. बघणाऱ्याची नजर साहजिकच पंखांवर खिळते. ती थोडा वेळ शेपटीकडे वळवावी. घारीची शेपटी टोकाला किंचित दुभंगलेली असते आणि ती क्षणभरही स्वस्थ नसते. कधी तिची डावी कड खाली जाते, कधी उजवी. वाऱ्याचा झोत आला की पंखांची टोकंही तशीच मुरडतात. घारीचं वजन पंख पेलतात हे खरं, पण तिला हवेत उभं ठेवतात त्या या बारीक दुरुस्त्या. विमानाचंही तेच आहे. हवेत उचललं जाण्याची युक्ती माणसाला पुष्कळ आधी सापडली होती, अडलं होतं ते तोल सांभाळण्यापाशी. विमानाचा शोध हा मुळात तोलाचा शोध आहे. हे एकदा पटलं की मुंबईच्या एका जुन्या वादाकडेही शांतपणे बघता येतं.

आधी पंखाचं बघू, कारण त्याबद्दल एक चुकीची समजूत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली आहे. पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता पडतो. खालच्या हवेबरोबर एकाच वेळी पोचायचं म्हणून ती घाई करते, आणि त्यातून विमान उचललं जातं, असं सांगतात. यातलं ‘एकाच वेळी पोचायचं’ हे कलम कोणी घातलं कोण जाणे, निसर्गात ते नाही. धूर सोडून केलेल्या प्रयोगांत दिसतं की वरची हवा खालच्या हवेच्या आधीच पलीकडे पोचते. शिवाय कसरतीची विमानं उलटी होऊनही उडतात, आणि कागदी विमानाच्या पंखाला फुगवटा मुळीच नसतो. खरी गोष्ट घरात करून बघता येते. एखादी जाड लग्नपत्रिका टेबलफॅनसमोर आडवी धरा. ती फक्त थरथरेल. आता पंख्याकडची कड किंचित वर करा. पत्रिका हाताला चक्क वर ओढू लागते. तिरप्या पृष्ठभागावरून जाणारी हवा खाली वळवली जाते, आणि हवेला खाली लोटणारी वस्तू स्वतः वर लोटली जाते. त्याच वेळी वरच्या बाजूला दाब कमी आणि खालच्या बाजूला जास्त होतो. ही दोन वेगळी कारणं नाहीत, एकाच घटनेची दोन वर्णनं आहेत. फुगीर आकाराने हे काम कमी अडथळ्यात होतं, इतकाच त्याचा वाटा.

हा दाबाचा फरक किती लागतो? एअरबस ए-320 हे आपल्याकडचं सर्वांत ओळखीचं प्रवासी विमान. ते पूर्ण भरलं की सुमारे 78 टनांचं होतं आणि त्याच्या पंखांचं क्षेत्रफळ सुमारे 122 चौरस मीटर असतं. म्हणजे दर चौरस मीटरवर साधारण 640 किलो भार. पण जमिनीलगतची हवा प्रत्येक चौरस मीटरवर दहा हजार किलोंहून जास्त जोराने दाबतच असते. पंखाच्या वर आणि खाली दाबात शंभरातले सहा भाग इतका फरक पाडला की 78 टन उचलले जातात. हे ऐकून भीती वाटण्यापेक्षा हायसं वाटायला हवं, कारण निसर्गाकडून आपण फार थोडं मागतो आहोत.

मात्र हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही बघावा लागतो. पंख्यासमोरची पत्रिका आणखी तिरपी करत गेलात तर एका क्षणी वर ओढणारा जोर एकदम ढिला पडतो आणि पत्रिका फडफडू लागते. हवा वरच्या पाठीला चिकटून राहीनाशी होते. विमानाच्या पंखांच्या बाबतीत बहुधा 15 अंशांच्या आसपास हे घडतं, त्याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडणं आणि स्टॉल होणं यांची गल्लत पुष्कळ जण करतात. इंजिन पूर्ण जोरात चालू असतानाही पंख स्टॉल होऊ शकतो. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या मुलांना हे वेगळ्या शब्दांत माहीत असतं. कन्नी नीट बांधली नाही तर पतंग गिरक्या खातो, कारण कन्नी पतंगाचा वाऱ्याशी असलेला कोन धरून ठेवते. आणि पतंग कटला की? कागद तोच, काड्या त्याच, वाराही तोच. फक्त कोन धरणारं कोणी राहिलं नाही, म्हणून तो लटपटत खाली येतो.

जर्मनीच्या ओट्टो लिलिएंथालने सुमारे दोन हजार वेळा हवेत झेप घेतली होती. पंखांविषयी त्याच्याइतकं त्या काळी कोणालाच कळत नव्हतं. पण तोल सांभाळायला त्याच्यापाशी एकच साधन होतं, लोंबकळणारे पाय इकडेतिकडे झोकणं. ऑगस्ट 1896 मध्ये एका झोताने ग्लायडरचं नाक वर उचललं, पंख स्टॉल झाला, तो साधारण 15 मीटरवरून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत सॅम्युअल लँगलीचं माणूस नसलेलं वाफेवर चालणारं विमान जवळजवळ एक किलोमीटर उडालं होतं. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने त्याचं छायाचित्रही घेतलं. मग लँगलीने तेच मोठं करून त्यात माणूस बसवला. ऑक्टोबर आणि डिसेंबर 1903 मध्ये ते दोन्ही वेळा पोटोमॅक नदीत पडलं. सांगाडा कमकुवत होता, आणि विमान एका कुशीवर कलू लागलं तर सावरायला वैमानिकाच्या हाती काही साधन नव्हतं. दुसऱ्या फजितीनंतर नवव्या दिवशी, 17 डिसेंबरला, राइट बंधूंचं विमान 12 सेकंदांत 36 मीटर गेलं आणि दिवसाच्या शेवटच्या उड्डाणात 59 सेकंद हवेत राहिलं. या दोन सायकलवाल्यांनी लँगलीपेक्षा वेगळं काय केलं? पक्षी पंखांची टोकं मुरडून तोल सांभाळतात हे पाहून त्यांनी पंख मुरडण्याची सोय केली. 1902 च्या ग्लायडरवर शेकडो उड्डाणं करून नाक वर-खाली करणं, कुशीवर कलणं आणि तोंड डावी-उजवीकडे फिरवणं या तिन्ही हालचाली त्यांनी एकत्र ताब्यात आणल्या. इंजिन त्यानंतर बसवलं. 1906 मध्ये त्यांना मिळालेलं पेटंट इंजिनाचं नव्हतं, या ताब्याचं होतं.

आता मुंबईचा वाद. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचं विमान उडवलं, ते पंधराशे फूट वर गेलं आणि खाली आलं, असं सांगितलं जातं. या घटनेचा त्या काळचा विश्वासार्ह लेखी पुरावा, मापं किंवा आराखडे आजवर पुढे आलेले नाहीत. या कथेला ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा आधार दिला जातो, तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी 1974 मध्ये बारकाईने तपासला. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णिलेली विमानं उडू शकणारी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. यावर आक्षेप येतो तो दुखावलेल्या मनातून. पारतंत्र्यात आपल्या माणसाची नोंद कोण ठेवणार होतं? हा आक्षेप मी उडवून लावत नाही. वसाहतीच्या काळात पुष्कळ कर्तबगारी कागदावर आलीच नाही. पण क्षणभर सगळी कथा जशीच्या तशी खरी मानू. तरीही ते माणूस नसलेलं यान होतं, आणि कथेच्याच शब्दांत ते वर गेलं आणि पडलं. असं यान हवेत धाडण्याचं काम तर लँगलीनेही केलं होतं, तेही छायाचित्रासह, आणि तरी त्याला विमानाचा जनक कोणी म्हणत नाही. म्हणजे कथा खरी ठरो वा खोटी, जो प्रश्न शेवटपर्यंत अडला होता त्याला ती हातच लावत नाही. मुंबईतल्या एका माणसाने त्या काळात आकाशाकडे बघून हात चालवले याचा आदर ठेवायला खोट्या पहिल्या क्रमांकाची गरज नाही.

ताबा इतका मोलाचा का, हे वळणाच्या वेळी सर्वांत स्पष्ट होतं. विमान नावेसारखं मागचं सुकाणू फिरवून वळत नाही. पंखांच्या मागच्या कडेवर, टोकांजवळ, एलेरॉन नावाच्या झडपा असतात. एकीकडची वर, दुसरीकडची खाली केली की विमान कुशीवर कलतं आणि पंखाचा वर ओढणारा जोरही तिरपा होतो. त्याचा एक हिस्सा विमानाला बाजूला खेचतो, तेच वळण. शेपटीवरचा एलेव्हेटर नाक सावरतो आणि रडर घसरण रोखतो. पण जोर तिरपा झाला की वजन पेलायला तो जास्त लागतो. 60 अंश कलून समपातळीत वळताना पंखांवर दुप्पट भार येतो. म्हणून ताबा आणि सांगाडा हे वेगळे विषय नाहीत. पंखाच्या पोटातून लांबीभर जाणारी तुळई, तिला आडव्या बसवलेल्या फासळ्या आणि वरून घट्ट रिव्हेट केलेला पत्रा हे सगळं मिळून तो भार वाहतं. नुसत्या तुळईवर सगळं टाकलं तर ती न परवडण्याइतकी जड होईल. जे. आर. डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं ते पुस मॉथ विमानातून. त्याच जातीची काही विमानं त्या वर्षांत हवेतच पंख मोडून पडली होती. तपासात बोट गेलं ते पंखांच्या आणि त्यांना टेकू देणाऱ्या दांड्यांच्या थरथरीकडे. विमान जड झालं तर उडत नाही आणि लवलवीत झालं तर टिकत नाही, या दोन्हींच्या मधली वाट काढण्यात विमान बांधणाऱ्याचं सगळं कसब लागतं.

1 जानेवारी 1978 च्या रात्री एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे बोइंग 747 सांताक्रूझहून दुबईकडे निघालं. चारही इंजिनं ठीक, पंख ठीक, सांगाडा ठीक. समुद्रावर गर्द अंधार, क्षितिज दिसेना. कॅप्टनसमोरचं कल दाखवणारं यंत्र चुकून उजवा कल दाखवत राहिलं, म्हणून विमान डावीकडे झुकवलं गेलं, आणखी झुकवलं गेलं. शेवटी ते 90 अंशांच्याही पलीकडे कललं. त्या स्थितीत पंखाचा जोर विमानाला वर धरून ठेवत नाही, उलट खाली ओढू लागतो. उड्डाणानंतर 101 सेकंदांनी विमान वांद्र्यासमोर समुद्रात गेलं आणि 213 जण गेले. बिघडला होता तो फक्त कल दाखवणारा एक काटा.

आता कोणी म्हणेल, हल्ली सगळं संगणक करतो, मग या ताब्याचं एवढं काय? उत्तर नाशिकजवळ ओझरला मिळेल. तिथल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधलेल्या पहिल्या तेजस एमके-1ए ने 17 ऑक्टोबर 2025 रोजी उड्डाण केलं. तेजसची रचना मुद्दाम अस्थिर ठेवलेली आहे. सोडून दिलं तर ते सरळ राहणार नाही, आणि म्हणूनच ते इतक्या चपळाईने वळतं. संगणक क्षणाक्षणाला त्याच्या पंखांच्या मागच्या झडपा हलवून त्याला सावरतो, ही घारीच्या शेपटीचीच यांत्रिक आवृत्ती. संगणकाने तोलाचा प्रश्न संपवलेला नाही, तो अंगावर घेतलेला आहे, आणि तो अंगावर घेण्याची शाश्वती पटवण्यात अभियंत्यांची वर्षं गेली.

मुलांना हे शिकवताना लांबच्या रस्त्याची ती जुनी गोष्ट शिक्षकांनी आता सोडून द्यावी. एक पत्रिका, एक टेबलफॅन आणि एक पतंग एवढ्यावर निम्मा विषय हाती येतो. आणि पुढच्या वेळी विमानात पंखामागची खिडकी मिळाली तर मोबाईल बाजूला ठेवून पंखाच्या टोकाकडे बघा. विमान तुमच्या बाजूला कलायला लागण्याच्या जरा आधी मागच्या कडेची एक लहान झडप वर उचललेली दिसेल.