गाजलेलं आणि पारखलेलं

२०१८ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम सुरू झाली होती. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना लस द्यायची होती, बरीचशी शाळांमधूनच. एका संध्याकाळी माझी भाची घरी आली. हातात मोबाईल, चेहरा उतरलेला. व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर आला होता, की या लसीने मुलं स्वमग्न होतात आणि इंग्लंडच्या एका नामांकित वैद्यकीय मासिकात ते सिद्धही झालंय. ती म्हणाली, "मामू, तुम्ही शिकलेले. सोमवारी मुलीच्या वर्गाची पाळी आहे. पाठवू की नको?"

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. लस आणि वृत्त यांतलं मला वृत्त तेवढं कळतं. 'अफवा आहे, सोडून दे' म्हणणं सोपं होतं. पण मजकुरात मासिकाचं नाव होतं, साल होतं. नुसत्या 'सोडून दे'ने आईचं समाधान होत नाही. मला कॉलेजातली एक वर्गमैत्रीण आठवली. ती एका वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्याकडे गेलो.

मजकूर वाचून ती म्हणाली, "अरे, मासिक खरं आहे, लेखही खरा आहे. तुझ्या भाचीपर्यंत गोष्ट अर्धीच पोहोचलीय." तिने संगणकावर 'द लॅन्सेट'मधला फेब्रुवारी १९९८चा तो लेख काढला. अँड्र्यू वेकफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. अवघ्या बारा मुलांची पाहणी. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिहेरी लसीचा संबंध त्यात स्वमग्नतेशी सुचवला होता. पण आता त्या लेखावर ठळक लाल अक्षरांत शिक्का आहे : लेख मागे घेतला आहे. 'लॅन्सेट'ने २०१० साली तो मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेने वेकफील्ड यांचं नाव नोंदवहीतून काढून टाकलं. मग तिने डेन्मार्कचा २००२ सालचा अभ्यास दाखवला. पाच लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या होत्या आणि लसीचा स्वमग्नतेशी संबंध आढळला नव्हता. पुढे २०१९ साली साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या पाहणीतही तेच दिसलं.

त्या सकाळी मला पहिल्यांदा कळलं, की वैद्यकीय ग्रंथालय म्हणजे नुसती कपाटं नव्हेत. पूर्वी शोधणं हेच मोठं काम होतं. अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली 'इंडेक्स मेडिकस' ही वैद्यकीय लेखांची सूची सुरू केली. डॉक्टर मंडळी तिचे जाडजूड खंड चाळत बसत. १९९७ साली 'पबमेड' ही सूची इंटरनेटवर सर्वांना फुकट खुली झाली. आज तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. सापडत नाही, ही तक्रार मिटली. यातलं वाचायचं काय, हा नवा प्रश्न उभा राहिला.

इथेच सोशल मीडियाचा शिरकाव झाला. संशोधक, मासिकं, ग्रंथालयं, सगळे ट्विटरवर (२०२३ पासून त्याचं नाव 'एक्स' झालं) आणि फेसबुकवर नव्या लेखांची माहिती देऊ लागले. एखाद्या लेखाची बाहेर किती चर्चा झाली हे मोजण्याच्या पद्धतीला २०१० साली 'ऑल्टमेट्रिक्स' असं नाव मिळालं. अनेक मासिकांत आता लेखाशेजारी एक रंगीत कडं दिसतं, मधोमध आकडा. माझी मैत्रीण विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी बजावते, की हा आकडा गाजण्याचा आहे, खरेपणाचा नाही. कौतुकही त्यात मोजलं जातं आणि शिव्याही. मागे घेतलेल्या त्या लेखाचा आकडाही भलामोठा आहे.

मग या गाजण्याचा उपयोग काय? छातीच्या शस्त्रक्रियेच्या मासिकांतले ११२ लेख घेऊन एक प्रयोग झाला. त्यांतल्या निम्म्या लेखांची ट्विटरवर माहिती दिली. कोणते निम्मे, ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. वर्षभराने त्या लेखांचा इतर संशोधकांनी जास्त उल्लेख केल्याचं दिसलं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात अकरा शास्त्रज्ञांनी असंच केलं. लेख उतरवून घेणारे वाढले, उल्लेखांत मात्र ठोस फरक पडला नाही. म्हणजे दवंडी पिटली की माणसं जमतात, पण जमलेला प्रत्येक जण गिऱ्हाईक असतोच असं नाही.

असं असलं तरी सोशल मीडियाला नुसतं दूषण देणं अन्यायाचं होईल. जानेवारी २०२०च्या अखेरीस दिल्लीतल्या काही संशोधकांनी एक लेख तज्ज्ञांच्या तपासणीआधीच इंटरनेटवर ठेवला. कोरोनाच्या विषाणूत एचआयव्हीशी जुळणारे तुकडे आहेत, असं त्यात म्हटलं होतं. तो वणव्यासारखा पसरला. पण जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्याच ट्विटरवर त्यातल्या चुका दाखवल्या आणि दोन-तीन दिवसांत लेखकांनी तो मागे घेतला. 'लॅन्सेट'च्या लेखाला बारा वर्षं लागली होती! मात्र मागे घेतलेला लेख लोकांच्या मोबाईलमधून मागे येत नाही. ट्विटरवरच्या सव्वा लाखाच्या आसपास बातम्या तपासून २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की खोटी बातमी खरीपेक्षा लवकर आणि दूरवर जाते.

२०२५ पासून भारतात 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली आहे. हजारो सरकारी शिक्षणसंस्थांना सुमारे तेरा हजार संशोधन मासिकं त्यामुळे खुली झाली. चांगलंच झालं. पण माझ्या भाचीला मासिक नको आहे. तिला तिच्या भाषेत, तिच्याच मोबाईलवर, जाणत्या माणसाने पारखलेल्या चार ओळी हव्या आहेत. अफवा मराठीत येते, उर्दूत येते, हिंदीत येते. तिचं खंडन मात्र इंग्रजीतच राहतं. वैद्यकीय ग्रंथपालांनी सोशल मीडियावर उतरायचं ते यासाठी.

निघताना मैत्रिणीने मला तीन प्रश्न लिहून दिले. छापण्याआधी लेख इतर तज्ज्ञांनी तपासला होता का? पाहणी किती माणसांची होती? आणि लेख नंतर मागे तर घेतला गेला नाही ना? मित्रहो, हे प्रश्न विचारायला डॉक्टर असावं लागत नाही. बी.ए. झालेल्या कवीलाही ते जमतात.

त्या रात्री मी मराठीत सहा-सात ओळींचा खुलासा लिहिला, मैत्रिणीकडून तपासून घेतला आणि भाचीला पाठवला. अफवा ज्या गटातून आली होती, त्याच गटात तिने तो टाकला. सोमवारी मुलगी शाळेत गेली, लस घेऊन आली.

पुढे २०२२ साली मुंबईत गोवंडीकडे, भिवंडीत, मालेगावात गोवराची साथ आली. लेकरं दगावली. कोविडच्या काळात विस्कटलेलं लसीकरण, दाटीवाटीची वस्ती, कुपोषण अशी तिची कारणं अनेक होती. पण लसीची भीती हेही त्यांतलं एक होतं. बातम्या वाचताना त्या सहा-सात ओळी आठवल्या. माझ्या कुठल्याही कवितेपेक्षा त्या जास्त कामाच्या होत्या, असं आजही वाटतं.