लुकलुकणारा पडदा : दोष मॉनिटरचा की जोडणीचा?

दिनांक ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरास भूकंपाचा तडाखा बसला. लातूर जिल्ह्यात व त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसे ढिगाऱ्याखाली प्राणास मुकली. त्या दुर्घटनेतून राज्याने जे धडे घेतले, त्यांतील एक धडा असा की, संकटाची वार्ता विनाविलंब पोहोचण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सज्ज नियंत्रण कक्ष असणे अगत्याचे आहे. आज १०७७ हा क्रमांक फिरविला की दूरध्वनी अशाच कक्षात खणखणतो. धरणातील पाणीसाठा, पर्जन्यमान, हवामान खात्याचा इशारा, तालुक्यांकडून येणारे संदेश हे सारे तेथे संगणकाच्या पडद्यावर पाहावयाचे असते. २०२१ च्या सप्टेंबरअखेर मांजरा धरणातून पाणी सोडावे लागले, तेव्हा नदीकाठच्या गावांना वेळीच सूचना मिळणे किती मोलाचे असते, याचा प्रत्यय या भागाने घेतलेला आहे.

अशा वेळी पडदाच लुकलुकू लागला, मधूनच काळा पडू लागला तर काय करावे? प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु तहसील कार्यालयापासून महाविद्यालयाच्या संगणक कक्षापर्यंत अनेक ठिकाणी हा अनुभव येतो. त्यावर बहुधा एकच उपाय सुचविला जातो, तो म्हणजे नवीन मॉनिटर घेणे. पुष्कळदा हा उपाय व्यर्थ ठरतो. असे का होते, हे समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

एक पडदा, दोन संगणक

अनेक कार्यालयांत एकाच टेबलाशी दोन संगणक ठेवावे लागतात. एक कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्याशी जोडलेला असतो, तर दुसरा इंटरनेटशी. गोपनीय दप्तर सुरक्षित राहावे म्हणून ही दोन जाळी एकमेकांपासून अलग ठेवण्यात येतात. परंतु दोन संगणकांसाठी दोन पडदे, दोन कळफलक आणि दोन माऊस ठेवावयाचे म्हटले, तर जागाही पुरत नाही आणि खर्चही वाढतो. येथे के.व्ही.एम. स्विच उपयोगी पडतो. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माऊस या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यास हे नाव मिळाले. डब्याएवढ्या या उपकरणाच्या एका बाजूस दोन्ही संगणकांच्या केबल येतात, तर दुसऱ्या बाजूने मॉनिटर, कळफलक आणि माऊस जोडतात. बटन दाबले की एकाच पडद्यावर आलटून पालटून दोन्ही संगणक पाहता येतात. सर्व्हरच्या खोलीत तर चार, आठ किंवा सोळा संगणकांसाठी मिळून एकच पडदा असतो.

सोय मोठी खरी. पण तिच्यामुळे संगणक आणि पडदा यांच्या वाटेत आणखी एक उपकरण, आणखी दोन-तीन केबल आणि कित्येक पिनांचे सांधे येतात. जुन्या व्ही.जी.ए. जोडणीत १५ पिना असतात, एच.डी.एम.आय. जोडणीत १९. त्यांतील एक पीन वाकली वा सैल झाली तरी चित्र बिघडू शकते. म्हणून लुकलुकणारा पडदा दिसताच प्रथम संशय घ्यावयाचा तो वाटेचा, पडद्याचा नव्हे.

एका कार्यालयातील अनुभव

लातूर जिल्ह्यातील एका कार्यालयात प्रस्तुत लेखकास हा प्रकार जवळून पाहावयास मिळाला. दोन संगणक, एक स्विच आणि एक मॉनिटर अशी मांडणी होती. दुसऱ्या संगणकावर बटन फिरविले की पडद्यावर आडवे फिकट पट्टे सरकू लागत व अक्षरे थरथरत. "साहेब, मॉनिटर गेलाय बघा. नवा मागवावा लागंल," असे तेथील लिपिकाने सांगितले. मागणीपत्र तयारही झाले होते.

सुदैवाने वायरमन अनुभवी होता. त्याने मॉनिटरला हातही न लावता दोन्ही संगणकांची वीज कोठून येते, एवढेच पाहिले. पहिला संगणक भिंतीवरील तीन पिनांच्या सॉकेटवर होता. दुसऱ्यासाठी शेजारच्या खोलीतून एक्स्टेन्शन बोर्ड ओढलेला होता आणि त्या बोर्डाच्या वायरीत अर्थिंगची तारच नव्हती. त्याने दोन्ही संगणक एकाच योग्य बोर्डावर घेतले. पट्टे नाहीसे झाले आणि मागणीपत्र फाडून टाकण्यात आले.

असे का घडले? संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून अत्यल्प विद्युत्प्रवाह त्याच्या धातूच्या सांगाड्यावर येत असतो. अर्थिंग असेल तर तो मुकाट्याने जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर तो दुसरी वाट शोधतो. संगणकास हात लावताच मुंग्या येतात, त्याचे कारण बहुधा हेच. येथे त्यास वाट मिळाली ती व्हिडिओ केबलच्या वेष्टनातून स्विचकडे आणि तेथून पहिल्या संगणकाच्या अर्थिंगकडे. व्ही.जी.ए. केबलमधील चित्राचा संकेत एक व्होल्टहूनही कमी असतो. त्यात विजेचा हा गुणगुणाट मिसळला की पट्टे उमटतात. आपल्याकडील विजेची सेकंदास ५० आवर्तने होतात आणि पडदा सामान्यतः सेकंदास ६० वेळा नव्याने रेखला जातो. दोहोंचा मेळ बसत नसल्याने हे पट्टे एका जागी स्थिर न राहता सरकत राहतात.

मराठवाड्याच्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ व कोळसा यांचे थर देऊन तो ओला राखावयाचा असतो, कारण कोरडी जमीन विजेस सहजासहजी सामावून घेत नाही. येथील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. एप्रिल २०१६ मध्ये तर मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले होते. त्या दिवसांत अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतण्याची आठवण कोणास राहावी? तथापि सांडपाण्याच्या दोन-चार बादल्याही या कामी चालतात. उन्हाळ्यात खड्ड्याकडे झालेले दुर्लक्ष केवळ पडद्यालाच नव्हे, तर माणसाच्या जीवालाही धोक्याचे ठरू शकते, हे विसरता कामा नये.

लुकलुकण्याचे प्रकार

प्रत्येक लुकलुकणे एकसारखे नसते. वैद्य जसा ज्वराची तऱ्हा पाहून निदान करतो, तसे येथेही करता येते.

पहिला प्रकार सरकते पट्टे, थरथर किंवा अक्षरांमागे पडणारी सावली यांचा. हा जुन्या व्ही.जी.ए. जोडणीत आढळतो. अर्थिंगमधील दोष, पातळ व लांबलचक केबल अथवा सैल बसलेले स्क्रू ही त्याची कारणे होत.

दुसऱ्या प्रकारात पडदा क्षणभर काळा पडतो आणि पुन्हा उजळतो, किंवा त्यावर पांढरे ठिपके चमकून जातात. हे एच.डी.एम.आय. किंवा डिस्प्लेपोर्ट या अंकीय जोडण्यांचे लक्षण आहे. येथे संकेत क्षीण झाला तरी चित्र मंद होत नाही. ते एकदम तुटते. १९२० गुणिले १०८० बिंदूंचा पडदा सेकंदास ६० वेळा रेखावयाचा म्हणजे दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख बिंदूंची माहिती केबलमधून जाणे आले. ३८४० गुणिले २१६० बिंदूंच्या, ज्यास फोर-के म्हणतात त्या पडद्यास याच्या चौपट माहिती लागते. एच.डी.एम.आय. १.४ या प्रतीचा स्विच असा पडदा सेकंदास ३० वेळाच रेखू शकतो. त्याच्याकडून ६० ची अपेक्षा करणे म्हणजे पाटचारीतून कालव्याचे पाणी नेण्यासारखे आहे.

तिसऱ्या प्रकारात बटन फिरविल्यानंतरच घोटाळा होतो. चित्र मोठे-लहान होते, चिन्हे जागा बदलतात, पडदा दोन-तीनदा उघडझाप करून मग स्थिरावतो. याचे कारण मोठे मनोरंजक आहे. प्रत्येक मॉनिटरमध्ये त्याचे एक ओळखपत्र नोंदलेले असते. आपण किती बिंदू दाखवू शकतो, सेकंदास किती वेळा, ही माहिती तो संगणकास कळवितो. या ओळखपत्रास ई.डी.आय.डी. म्हणतात. साधा स्विच बटन फिरविताच पहिल्या संगणकाचा मॉनिटरशी संबंध तोडून टाकतो. त्या संगणकास वाटते की, मॉनिटर निघून गेला. परत त्याच्याकडे वळताच सारी ओळखपरेड नव्याने सुरू होते. चांगला स्विच हे ओळखपत्र स्वतःजवळ राखून दोन्ही संगणकांस सतत दाखवीत राहतो. खरेदीच्या वेळी 'ई.डी.आय.डी. राखण्याची सोय आहे काय' हा एक प्रश्न विचारला, तरी पुढील बराच त्रास वाचतो.

चौथा प्रकार विजेच्या चढउताराचा. लेझर प्रिंटर तापू लागला किंवा पाण्याची मोटर सुरू झाली की पडदा चमकतो. काही स्विच कळफलकाच्या यू.एस.बी. तारेतून मिळणाऱ्या तुटपुंज्या विजेवर चालतात. त्यांना स्वतंत्र अॅडाप्टर दिला की हा दोष पुष्कळदा जातो. लेझर प्रिंटर मात्र संगणकाच्या यू.पी.एस.वर कधीही जोडू नये.

निदानाची रीत

पुढील क्रमाने तपासणी केल्यास बहुतेक दोष अर्ध्या तासात सापडतात. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याची वहीत नोंद ठेवावी, हा यातील मुख्य नियम होय. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष गेला तरी तो कशाने गेला, हे कळत नाही आणि तो परतल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

१. मॉनिटरवरील बटन दाबून त्याची स्वतःची यादी पडद्यावर आणावी. ती यादी स्थिर आणि मागील चित्र लुकलुकत असेल, तर मॉनिटर सामान्यतः निर्दोष समजावा. यादीही लुकलुकत असेल तर मॉनिटर व त्याचा वीजपुरवठा तपासावा.

२. दोष दोन्ही संगणकांवर दिसतो की एकावरच, हे पाहावे. एकावरच असेल तर तो संगणक, त्याची केबल किंवा स्विचमधील त्याची जागा यांपैकी एकात दोष आहे. दोन्ही केबल स्विचवर अदलाबदल करून जोडल्या की दोष स्विचच्या त्याच जागी राहतो की केबलबरोबर सरकतो, ते स्पष्ट होते.

३. सर्व उपकरणे बंद करून स्विच बाजूला काढावा व मॉनिटर थेट संगणकास जोडावा. चित्र स्थिर झाले तर दोष स्विच, त्याची केबल वा त्याची वीज यांत आहे.

४. दोन्ही संगणकांच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये एकच रिझोल्यूशन व ६० हर्ट्झ ठेवावे. रेखनाचा वेग आपोआप बदलणारी सोय असल्यास ती बंद करावी.

५. शक्य तितकी आखूड व जाड वेष्टनाची केबल वापरावी. मध्ये जोडलेले व्ही.जी.ए.-एच.डी.एम.आय. रूपांतरक काढून पाहावेत.

६. दोन्ही संगणक, स्विच आणि मॉनिटर एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्यावेत. अर्थिंगची तपासणी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. पट्टे घालविण्यासाठी प्लगची अर्थिंगची पीन काढून टाकणे हा उपाय नव्हे, तो प्राणघातक अविचार आहे.

या सर्व तपासण्या शांततेच्या काळात करावयाच्या आहेत. अतिवृष्टीच्या रात्री नियंत्रण कक्षातील पडदा बिघडला, तर निदान करीत बसू नये. स्विच बाजूला काढून ज्या संगणकाची निकड आहे तो थेट मॉनिटरला जोडावा आणि काम पुढे चालू ठेवावे. त्यासाठी एक तपासलेली केबल खणात ठेवलेली असावी आणि रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यास ती जोडण्याचा सराव असावा. कितीही घाई असली तरी दोन्ही जाळी एकाच संगणकास जोडण्याचा सोपा मार्ग मात्र पत्करू नये. ती अलग ठेवण्यामागील हेतूच त्यामुळे विफल होतो.

नवा मॉनिटर घेण्यास काही हजार रुपये लागतात आणि हा पैसा जनतेचा असतो. याउलट अर्थिंगची तार, आखूड केबल आणि काळजीपूर्वक केलेली तपासणी यांस फारसा खर्च येत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर नदीकाठच्या गावांची यादी जशी तपासली जाते, तशीच आपल्या टेबलामागील तारांचीही एकदा तपासणी व्हावी. पडदा स्थिर असेल तर त्यावरील इशारा वेळीच वाचला जाईल, आणि वेळीच वाचलेला इशाराच गावापर्यंत वेळेवर पोहोचेल.