रोजकीर्द आधी, वेग नंतर
(लिनक्स सर्व्हरच्या हार्ड डिस्कविषयी थोडेसे)
— बी. कॉम., द्वितीय वर्ष

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हार्ड डिस्कवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आज पतसंस्थेचा हिशेब असो की दुकानाची बिले, सारे शेवटी एखाद्या सर्व्हरच्या डिस्कवरच जाऊन बसते. पुष्कळ ठिकाणी त्या सर्व्हरवर लिनक्स असते. तेव्हा ही डिस्क जलद कशी करावी, आणि त्या नादात चूक झाली तर सावरावे कसे, हे हिशेबनिसालाही ठाऊक असलेले बरे.

प्रथम डिस्क मंद का असते ते पाहू. नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा वाचकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. वाचक योग्य वर्तुळावर सरकायला आणखी ८-९ मिलिसेकंद. एकूण झाले १३. म्हणजे विखुरलेल्या जागा वाचायच्या तर सेकंदाला फार तर ७५-८० खेपा! प्रत्येक खेपेला ४ किलोबाइट आणले तरी हाती पडतात जेमतेम ३०० किलोबाइट. तीच डिस्क सलग वाचली तर सेकंदाला दीडशे मेगाबाइट सहज देते. सारांश, डिस्कचा वेळ वाचण्यात जात नाही, धावपळीत जातो. धावपळ कमी करणे हेच वेग वाढवण्याचे मर्म होय. सॉलिड स्टेट डिस्कमध्ये फिरणारे काहीच नसल्याने ही अडचण जवळजवळ नाही. पण मोठ्या साठ्यासाठी आणि बॅकअपसाठी फिरत्या डिस्क आजही वापरात आहेत.

उपाय करण्यापूर्वी मोजमाप हवे. त्यासाठी ‘एचडीपार्म’ नावाची आज्ञा आहे. तिचा एक पर्याय डिस्कवरून सलग वाचनाचा वेग सांगतो, तर दुसरा केवळ मेमरीचा. दुसऱ्याचा भलामोठा आकडा पाहून डिस्क सुधारली असे समजू नये. सर्व्हर रिकामा असताना दोन-तीनदा मोजावे आणि आकडे वहीत लिहून ठेवावेत.

आता उपाय. पहिला अगदी साधा. लिनक्स प्रत्येक फाइल शेवटी केव्हा वाचली याची नोंद ठेवू शकते; म्हणजे वाचायला गेले तरी लिहिणे आलेच. २००९ पासून ही नोंद आपोआप कमी वेळा होते. ‘नोएटाइम’ हा पर्याय दिल्यास ती अजिबात होत नाही. दुसरा उपाय पुढचे आधीच वाचून ठेवण्याचा. सहसा १२८ किलोबाइट पुढचे वाचले जाते. मोठ्या फाइली सलग वाचायच्या असतील तर हा आकडा वाढवल्याने लाभ होतो. विखुरलेल्या वाचनात तो व्यर्थ जातो. जुन्या लेखांत ‘डीएमए सुरू करा’ असा सल्ला हटकून आढळतो. जुन्या आयडीई डिस्कच्या काळी त्याने खरोखर मोठा फरक पडे. आजच्या साटा डिस्कसाठी लिनक्स ते स्वतःच करते. उलट ‘एचडीपार्म’चे काही पर्याय धोक्याचे आहेत असे तिच्या माहितीपुस्तिकेतच बजावले आहे. जुनी आज्ञा न समजता टंकित करणे म्हणजे न वाचता सही करण्यासारखेच.

तिसऱ्या उपायात खरा धोका आहे, आणि तो आपल्या शाखेच्या विद्यार्थ्याला चटकन समजेल. लिनक्सच्या एक्स्ट-४ फाइल पद्धतीत ‘जर्नल’ असते. हे आपलेच जर्नल! आधी रोजकीर्दीत नोंद, मग खतावणी. वीज गेली तर सर्व्हर पुन्हा सुरू होताना रोजकीर्द वाचून अर्धवट खतावणी पुरी करतो. मात्र हे जर्नल साधारणपणे फाइलींच्या मांडणीची नोंद ठेवते, आतल्या मजकुराची नव्हे.

डिस्कची स्वतःचीही लहानशी मेमरी असते. मजकूर तिथे पोचला की चकतीवर उतरण्यापूर्वीच डिस्क ‘लिहिले’ म्हणून कळवते आणि पुढे आपल्या सोयीच्या क्रमाने लिहिते. क्रम राखण्यासाठी लिनक्स मध्येच ‘एवढे आधी चकतीवर उतरव’ असे सांगते. याला बॅरिअर म्हणतात. तो बंद केला की वेग वाढतो, पण रोजकीर्दीआधी खतावणी होऊ शकते. माझ्या माहितीतील एका पतसंस्थेत वेगासाठी हेच केले गेले होते. दुपारी वीज गेली आणि त्या दिवसाच्या पिग्मी जमेची फाइल उघडेना. आदल्या रात्रीचा बॅकअप आणि एजंटांच्या पावत्या होत्या म्हणून दोन दिवस बसून नोंदी पुन्हा भरता आल्या. पावत्या नसत्या तर रोज दहा-वीस रुपये टाकणाऱ्या भाजीवालीला काय उत्तर देणार होते?

आता सावरण्याविषयी. आज्ञेने तात्पुरते केलेले बदल बहुतेक वेळा सर्व्हर बंद करून सुरू केला की जातात. म्हणून बदल आधी हाताने करून पाहावा, मगच फाइलीत कायम करावा. ‘एफएसटॅब’ या फाइलीत चूक झाली तर सर्व्हर पुरता सुरू न होता आणीबाणीच्या स्थितीत थांबतो. तेथे मूळ विभाग लिहिता येईल असा पुन्हा जोडून ती ओळ दुरुस्त करता येते. ते न जमल्यास पेनड्राइव्हवरील लिनक्सने सर्व्हर सुरू करावा. त्या फाइलीची जुनी प्रत शेजारी असेल तर हे काम पाच मिनिटांचे.

माहितीच बिघडली असेल तर पहिले काम म्हणजे हात थांबवणे. डिस्कवर आणखी काही लिहू नये. ‘डीडीरेस्क्यू’ने दुसऱ्या डिस्कवर संपूर्ण नक्कल घ्यावी आणि दुरुस्तीचे प्रयोग त्या नकलेवर करावेत. ‘एफएससीके’ ही दुरुस्तीची आज्ञा जोडलेल्या, चालू विभागावर कधीही चालवू नये. ती मांडणी सुधारते, हरवलेला मजकूर परत आणतेच असे नाही. दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवणारी रेड पद्धत असली तरी बॅकअप हवाच, कारण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी पुसली जाते.

विद्यार्थी मित्रहो, जमा, खर्च, खाते हे शब्द आपल्या कन्नड विभागातील मित्रांनाही भाषांतराविना कळतात. हिशेबाची शिस्तही तशीच सर्वांची एक आहे. मूळ नोंद खोडायची नाही, चूक झाल्यास दुरुस्तीची नोंद करायची. डिस्कबाबतही हेच तीन नियम पुरेसे आहेत : बदलापूर्वी प्रत, एका वेळी एकच बदल, बदलानंतर मोजमाप. एवढे पाळून जो वेग मिळेल तोच घ्यावा.