कुणी ठरवला हा डबा?

पुण्याच्या डॉक्टरांनी दुसऱ्या भेटीला येताना घरून जेवण आणायला सांगितलं होतं. सगळ्यांचं. "आणि मुलीला आत्ता ज्याची गरज आहे असं तुम्हाला वाटतं, ते तिच्या डब्यात घाला," एवढीच सूचना. सांगलीहून पहाटेची एसटी गाठायची, म्हणून मी तीनला उठले. आम्हा तिघांसाठी पोळ्या, बटाट्याची भाजी, दहीभात, शेंगदाण्याची चटणी. धाकटीच्या डब्यात एक कोरडा फुलका, काकडीच्या फोडी आणि वाटीभर मुगाचं कढण.

डॉक्टरांच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून आम्ही डबे उघडले. त्यांनी तिचा डबा पाहिला आणि मला विचारलं, "कुणी ठरवला हा डबा?"

"मीच. ती एवढंच खाते."

"म्हणजे तिनं ठरवला?"

मी गप्प बसले. तेच म्हणाले, "तिनंही नाही. तिच्या आजारानं ठरवला. तुम्ही पहाटे उठून आजाराला चालेल तेवढंच रांधून आणलंत. आता तिला दहीभात वाढा."

दहीभाताच्या सहा घासांना पन्नास मिनिटं लागली. ती रडली, ताटली सरकवली, मला म्हणाली, "तू माझी आई नाहीसच." तिच्या बाबांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. डॉक्टरांनी आम्हाला एकच वाक्य बोलायला शिकवलं, दोघांनी तेच आणि त्याच आवाजात: "तुला भीती वाटतेय, कळतंय मला. हा घास घ्यायचाय." भाताला किती तूप, पोटाला किती जड, याची चर्चा नाही. चमचा तिच्या हातात, आणि आम्ही दोघं दोन बाजूंना. सहावा घास गिळला तेव्हा तिच्या बाबांचा शर्ट घामानं भिजला होता.

मी बावीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पचनसंस्थेची आकृती फळ्यावर डोळे मिटून काढेन. घरातलं लेकरू उपाशी राहतंय हे मात्र मला जवळजवळ वर्षभर उमगलं नाही. ते का, हे नीट सांगायला हवं, कारण आपल्या घरांत हा आजार लपून राहायला जागा भरपूर आहे.

सुरुवात आठवीतल्या आरोग्य तपासणीला झाली. वजनकाट्यावर मुलं एकेक करून उभी राहतात, एक शिक्षक आकडा मोठ्यानं सांगतो, दुसरा वहीत लिहितो. तिचा आकडा ऐकून मागं कुणीतरी हसलं. ती घरी काही बोलली नाही. श्रावणात सोमवार धरले. मग शनिवार, मग संकष्टी, मग नवरात्राचे नऊ दिवस. सासूबाई चारचौघींत कौतुकानं सांगायच्या, "आमची नात बघा, या वयात एवढं कडक करते." खिचडीसुद्धा ती खात नाही, ताकावर राहते, हे मला दिसत होतं आणि त्याचा थोडा अभिमानही वाटत होता. न खाणाऱ्या मुलीला आपण सोशीक म्हणतो, गुणी म्हणतो. बारीक झाली की बायका विचारतात, काय केलंस गं, आम्हालाही सांग.

मग ती स्वयंपाकघरात रमायला लागली. रविवारी आम्हाला शिरा करायची, एकदा तर पुरणपोळ्या. समोर बसून आम्ही खातो ते टक लावून बघायची, स्वतः बोटही लावायची नाही. फोनवर तासन् तास पाककृतींचे व्हिडिओ. एप्रिलमध्ये, सांगलीच्या त्या उन्हात, ती स्वेटर घालून अभ्यासाला बसायची. हातांवर बारीक मऊ लव आली. पाळी थांबली. डॉक्टरांकडे नेलं तर तक्रार एकच: पोट गच्च वाटतं. दोन ठिकाणी पित्ताची औषधं झाली, एके ठिकाणी दुर्बिणीनं जठर तपासून झालं, एकांनी टॉनिक देऊन "या वयात मुलींचं असंच असतं" म्हणून परत पाठवलं. पोट गच्च वाटणं खोटं नव्हतं. उपाशी शरीरात जठर फार सावकाश रिकामं होतं, दोन घासांनीही तटतटतं. आपल्याकडच्या कितीतरी रुग्ण मुली जाड होण्याची भीती बोलूनच दाखवत नाहीत, पोटाचं दुखणं सांगतात. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९०च्या दशकातच हे नोंदवून ठेवलं आहे. पण पोटाच्या डॉक्टरांपर्यंत ते पोचायला हवं ना.

वजनाचे आणि उष्मांकांचे आकडे मी इथं मुद्दाम लिहीत नाही. या आजारातली मुलगी हे वाचत असेल तर तो आकडा तिच्यासाठी शर्यत होतो.

एक आकडा लिहिते, तो नाडीचा. शाळेत ती चक्कर येऊन पडली, मिरजेच्या रुग्णालयात नेलं, तिथं नाडी मिनिटाला ४२ लागली. किशोरवयात दिवसा, जागेपणी नाडी ५०च्या खाली गेली तर मूल दाखल करावं, असा डॉक्टरांचा संकेत आहे. अन्न मिळत नाही म्हटल्यावर शरीर हृदयाचेही स्नायू वापरायला लागतं आणि ठोके कमी करून इंधन वाचवतं. तिला झालेला अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवण्याचा आजार, हा मनाच्या आजारांतला सगळ्यांत जिवावर बेतणाऱ्या आजारांपैकी एक आहे, हे वाक्य मी पहिल्यांदा तिथं ऐकलं.

मला वाटलं, आता भरपूर खाऊ घालायचं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हात धरून थांबवलं. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम भराभर पेशींत खेचलं जातं आणि हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेले उपाशी कैदी पोटभर जेवून दगावले, त्यातून हे कळलं. म्हणून अकरा दिवस रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, थायमिन, आणि जेवण पायरीपायरीनं वाढवत नेणं. ज्या घरात असं मूल आहे त्यांनी पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय काढू नयेत.

त्या अकरा दिवसांत मी एका प्रयोगाबद्दल वाचलं आणि माझ्या डोक्यातला गुंता सुटला. १९४४ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुण निवडले. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले, स्वेच्छेनं आलेले. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. ते चिडचिडे झाले, खिन्न झाले, उन्हाळ्यात गारठायला लागले, नाडी मंदावली. अन्नाचे बारीक तुकडे करून तासतासभर चिवडत बसायचे. काहीजण तर पाकशास्त्राची पुस्तकं जमवायला लागले. यातल्या कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं. माझी लेक पुरणपोळ्या लाटत आमच्याकडे बघत बसायची, ती हट्टी नव्हती, नाटकी नव्हती. ती उपाशी होती. मन ताळ्यावर येण्यासाठी आधी मेंदूला अन्न लागतं. समजुतीच्या गोष्टी त्यानंतर.

पुण्याच्या डॉक्टरांचे उपचार याच क्रमानं चालतात. कुटुंबाच्या हातून करायचे हे उपचार लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात घडले. त्याआधी शंभर वर्षं आईबापांना दोषी धरायची रीत होती. 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव देणाऱ्या विल्यम गल यांनीच १८७३-७४च्या सुमारास म्हटलं होतं की अशा रुग्णाची काळजी घ्यायला नातेवाईक सगळ्यांत नालायक. मुलींना घरापासून तोडून ठेवत. मॉड्स्लीतल्या रसेल, डेअर, आयस्लर आदींनी १९८७ साली अभ्यास छापला: आजार एकोणीस वर्षांच्या आत जडलेला आणि तीन वर्षांहून कमी काळाचा असेल, तर घरच्यांना बरोबर घेतलेल्या उपचारांचा गुण एकट्या रुग्णाशी बोलण्यापेक्षा जास्त येतो. "हे कशामुळे झालं?" असं मी तीनदा विचारलं. डॉक्टर म्हणाले, "घराला आग लागली की आधी पाणी. काडी कुणी ओढली ते नंतर." त्या दिवशी मी पहिल्यांदा रात्रभर झोपले.

आता घरातलं सांगते. पहिला टप्पा सगळ्यांत अवघड. काय खायचं, किती, कधी, हे सगळं आईबाबांनी ठरवायचं. तीन जेवणं, तीन मधली खाणी. ताट मी वाढायची, ती स्वयंपाकघरात यायची नाही. वजनकाटा घरातून गेला, वजन फक्त डॉक्टरांकडे. मी तीन महिने बिनपगारी रजा घेतली. प्रत्येक घरी हे शक्य नाही, मला ठाऊक आहे. तिचे बाबा दुपारी दुकान बंद करून यायचे, सासूबाई चारचं खाणं सांभाळायच्या, असं आम्ही वाटून घेतलं. ताट संपल्यावर तासभर तिला एकटं सोडायचं नाही, कारण तेव्हाच न्हाणीघरात जाऊन ओकण्याची किंवा जिन्यावर वरखाली धावण्याची ओढ अनावर होते. तो तास आम्ही मेंढीकोट खेळलो. चार हात लागतात: आजी, बाबा, दादा आणि ती. डॉक्टरांनी दादाला बजावलं होतं, तू पोलीस व्हायचं नाहीस, जेवणावर एक शब्द बोलायचा नाही, तू फक्त तिचा भाऊ राहा. तो पत्ते पिसायचा आणि वर्गातल्या गमती सांगायचा. एका संध्याकाळी ती चुकीची उतारी केल्याबद्दल त्याच्यावर खेकसली. कितीतरी महिन्यांनी तिचा तो जुना आवाज आला. मी ओट्याशी पाठ करून उभी राहिले.

आमच्याही चुका झाल्या. येणाऱ्याजाणाऱ्यांना आधी बजावून ठेवलं नाही. "बघ, गाल किती छान भरलेत" हे शेजारच्या काकू बोलल्या आणि तीन दिवस ताट फेकलं गेलं. तेव्हापासून दारातच सांगायचे, तब्येतीवर बोलू नका, अभ्यासाचं विचारा, सिनेमाचं विचारा.

आषाढी एकादशी आली. डॉक्टरांनी उपास पूर्ण बंद सांगितले होते. सासूबाईंनी पन्नासेक वर्षं एकही एकादशी मोडली नव्हती. मी हिचं ताट वाढलं; आमटी, भात, पोळी. सासूबाई पाटावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मलाही वाढ." मी बघतच राहिले. धाकटी म्हणाली, "आजी, अगं आज एकादशी!" त्यांनी भात कालवला. "त्याला काय सांगायचं ते मी सांगेन. तू तूप घे आधी." दोघींनी ताटं संपवली. मी वारीला गेलेली नाही, पण त्या दिवशी काय पाहिलं ते माझं मला ठाऊक.

दुसरा टप्पा हातातलं हळूहळू परत देण्याचा. आधी चारचं खाणं तिनं स्वतः वाढून घ्यायचं, मग मैत्रिणींबरोबर भडंग, मग शाळेचा डबा. तिसऱ्यात मैत्रिणी, परीक्षा, आरसा, पुढचं आयुष्य यांवर तिचं आणि डॉक्टरांचं बोलणं. आम्हाला चौदा महिने लागले.

हा मार्ग सगळ्यांचा नाही. मोठ्या माणसांत, विशेषतः अधाशासारखं खाऊन ओकणाऱ्यांच्या बुलिमियात आणि ताबा सुटून खाण्याच्या विकारात, विचार आणि वर्तन बदलणारी समुपदेशनाची पद्धत आधी वापरतात. बुलिमियात फ्लुओक्सेटिन या गोळीचाही उपयोग होतो. अ‍ॅनोरेक्सियाला मात्र खास असं औषध नाही, तिथं जेवण हेच औषध. मुलग्यांनाही हे आजार होतात. दिसायला भरलेल्या अंगाच्या मुलीलाही होतात, आणि तिच्याकडे तर कुणाचंच लक्ष जात नाही. आमच्या डॉक्टरांकडे बाकावर एक पन्नाशीच्या बाई भेटत. त्यांनी पंचवीस वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं.

जवळ तज्ज्ञ नसेल तर पहिलं पाऊल म्हणून टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखाच विमा द्यायला सांगितलं आहे. दावा नाकारला तर हे कलम दाखवा. आम्हाला दाखवावं लागलं.

शाळेत आता आम्ही वजन पडद्याआड घेतो, आकडा फक्त वहीत जातो. मीही वीस वर्षं वर्गासमोर मोठ्यानं वाचत आले होते. त्या मुलींपैकी कुणाकुणाच्या मनात तो आकडा राहिला असेल, याचा विचार मला अजून झोपू देत नाही.

बारावीच्या वर्षी तिचं जेवण पुन्हा आखडलं. यावेळी तिनंच सांगितलं, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून: "आई, डोक्यात परत सुरू झालंय. काही दिवस तूच वाढ." सहा आठवडे आम्ही पहिल्या टप्प्यावर आलो. मेंढीकोटाचा कॅट घासून गेला होता, तिचे बाबा नवा घेऊन आले.

ती आता कोल्हापूरला शिकते. महिन्यातून एकदा शनिवारी पुण्याला डॉक्टरांकडे जाते, रात्री सांगलीला उतरते. स्टँडवरून फोन येतो. मी कुकर लावते, चार ताटं घेते आणि सासूबाईंच्या फोटोसमोरचा पत्त्यांचा डबा खाली काढून ठेवते. चौथा हात म्हणून हल्ली मी बसते.