प्रार्थना आणि जुनाट आजार: काय खरे, काय नव्हे

दिंडोरीला श्री स्वामी समर्थ सेवामार्गाचे प्रधान केंद्र आहे आणि तालुक्यातल्याच वणीवरून सप्तशृंगीच्या गडाला रस्ता जातो. इथे देवाकडे येणाऱ्यांत दुखणेकरी पुष्कळ असतात. कुणाचा मधुमेह जुना, कुणाचे डायलिसिस चालू, कुणाची बोटे सकाळी मिटत नाहीत. अशा माणसाला एक जण सांगतो, सेवा कर, गोळ्या सुटतील. दुसरा सांगतो, जपाने काही होत नाही, वेळ घालवू नकोस. दोघांचेही चुकते, पण पहिल्याची चूक जिवावर बेतते.

“सेवा मनापासून केली की औषध सुटते.”

नाही. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. ते टोचून घेणे थांबवले तर थोड्याच दिवसांत रक्तात आम्ल साठून माणूस दगावू शकतो. रक्तदाबाची गोळी बंद केली तर बहुतेकदा लगेच काहीच जाणवत नाही. म्हणून ‘बरा झालो’ असे वाटते, आणि दाब मात्र मेंदूच्या व मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांवर काम करत राहतो. क्षयाचे औषध मध्येच सोडले तर जंतू त्या औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. रामनामावर गांधीजींचा केवढा भरवसा होता! पण येरवड्याच्या तुरुंगात अपेंडिक्स बळावले तेव्हा १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. त्यानंतरही रामनाम सुटले नाही.

“म्हणजे जप हा नुसता मनाचा खेळ.”

हेही खरे नाही. इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. २३ निरोगी माणसांना त्यांनी माळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाला आणि रक्तदाबाचे चढउतार सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. माणसे निरोगी होती, म्हणून यावरून आजार बरा होतो असे कुणी काढू नये. पण शरीरात काही घडते, एवढे नक्की.

मला त्याहून मोलाचे वाटते ते वेगळेच. जुनाट आजारात माणसाचा दिवस त्याच्या हातातून जातो. गोळी कधी घ्यायची ते डॉक्टर ठरवतात, नाशिकला तपासणीला कधी जायचे ते मुलाच्या सुट्टीवर ठरते, ताटात काय वाढायचे ते घरचे ठरवतात. सेवामार्गातल्या नित्यसेवेत श्री स्वामी चरित्र सारामृताचे रोज तीन अध्याय आणि अकरा माळा जप असतो. अध्याय एकवीस, म्हणजे आठवड्यात पोथी पूर्ण होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अंथरुणाला खिळलेल्या बाईचे दिवसातले एवढे एक काम कुणाच्या परवानगीचे नसते. ते तिचे स्वतःचे असते. ‘काही उपयोग नाही’ म्हणणाऱ्याला हे दिसत नाही.

“आपल्या नावाने दुसऱ्यांनी प्रार्थना केली की गुण येतो.”

अमेरिकेत हृदयाच्या बायपासच्या १,८०२ रुग्णांवर हे तपासले गेले. निष्कर्ष २००६ मध्ये आले. प्रार्थना होईलच अशी खात्री नसलेल्या दोन गटांपैकी ज्यांच्यासाठी ती झाली त्यांच्यात ५२ टक्के आणि ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यात ५१ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली. प्रार्थना होत असल्याचे ज्यांना पक्के सांगितले होते त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघाले. म्हणजे दुरून केलेल्या प्रार्थनेने गुण आला नाही. शेजारणी घरी येऊन आरती म्हणतात, चहा करतात, औषध आणून देतात, त्या सोबतीची गोष्ट निराळी. ती जरूर घ्यावी.

“गुण येत नाही, म्हणजे श्रद्धा कमी पडली.”

सगळ्यांत क्रूर गैरसमज हाच. गुरुचरित्रात कोड असलेल्या नरहरीची कथा आहे. वाळलेल्या औदुंबराच्या लाकडाला तो श्रद्धेने पाणी घालत राहिला, लाकडाला पालवी फुटली आणि तोही बरा झाला. आजारी माणूस ती ऐकतो आणि मनात उलटा हिशेब मांडतो: तो बरा झाला, मी झालो नाही, म्हणजे खोट माझ्यातच. घरातलेही तसेच बोलतात. नियम चुकला असेल, शिवाशिव झाली असेल, मागच्या जन्मीचे काही असेल. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. त्यात आजाऱ्याचे काय चुकले?

हा विचार शरीरालाही बाधतो, अशी शंका घ्यायला जागा आहे. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या, ५५ वर्षे व त्यावरील ५९६ जणांची दोन वर्षे नोंद ठेवली. ‘देवाने मला टाकले’, ‘देवाचे माझ्यावर प्रेम नाही’ अशा भावनांनी जे पोळत होते त्यांच्यात मृत्यूचा धोका १९ ते २८ टक्क्यांनी जास्त आढळला. ती भावनाच कारण होती असे यातून सिद्ध होत नाही. तरी आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या श्रद्धेची परीक्षा घेण्याचा हक्क कुणालाच नाही, हे मी ठामपणे म्हणेन.

“नियम पाळले नाहीत तर सेवा पोचत नाही.”

गुरुचरित्राचे सात दिवसांचे पारायण एकभुक्त राहून, जमिनीवर झोपून करण्याची रीत आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी राहिल्यास रक्तातली साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम सुटला, हात थरथरले की वाचन थांबवून लगेच साखर खावी. डायलिसिसवरच्या रुग्णाला केळे, नारळपाणी, रताळे यांतले पोटॅशियम घातक ठरू शकते, मग ते प्रसादाचे असो वा उपासाचे. गुडघे धरलेल्याने पोथी खुर्चीवर बसून वाचावी. सप्तशृंगीच्या गडावर आता फ्युनिक्युलर ट्रॉली जाते, हृदयरोग्याने पायऱ्यांचा हट्ट धरू नये. आणि पारायणाची तारीख आधी डॉक्टरांना सांगावी. बहुतेक जण संकोचाने लपवतात. त्या आठवड्यात कोणती गोळी किती घ्यायची, हे ठरवायला डॉक्टरांना ती तारीख लागते.