कॉलेजच्या मैदानावर बचाव शिकवायचा कोणी?

नागपूर / प्रतिनिधी

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये बचावाचा प्रशिक्षक हे स्वतंत्र पद आहे, आणि त्या पदापर्यंत जाण्याची वाटही ठरलेली आहे. तेथील फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळला जाणारा निराळाच खेळ. परंतु वाट समजून घेण्यापुरते निक सेबन यांचे उदाहरण पुरेसे आहे. १९७३ मध्ये केंट स्टेट विद्यापीठात पदवीधर साहाय्यक म्हणून त्यांनी सुरुवात केली. पुढे मागच्या फळीचे प्रशिक्षक, मग मिशिगन स्टेटमध्ये व त्यानंतर क्लीव्हलंडच्या व्यावसायिक संघात संपूर्ण बचावाची जबाबदारी आणि अखेर मुख्य प्रशिक्षकपद, असा त्यांचा प्रवास झाला. सात राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून २०२४ मध्ये ते निवृत्त झाले. साहाय्यकापासून मुख्य प्रशिक्षकापर्यंतची प्रत्येक पायरी पगारी नोकरीची होती.

नागपूरच्या महाविद्यालयात अशी शिडी नाही. येथे असतो तो शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक, आणि बहुधा एकटाच. कबड्डी, व्हॉलीबॉल, मैदानी स्पर्धा, क्रिकेट आणि फुटबॉल हे सारे त्याच्याकडेच. खेळाडूंचे पात्रता अर्ज भरणे, साहित्याची खरेदी, प्रवासभत्त्याची बिले हेही त्याचेच काम. त्यातून वेळ उरला तर प्रशिक्षण. गोलरक्षकाचा वेगळा, बचावफळीचा वेगळा प्रशिक्षक ही कल्पना येथे चैनीची ठरते.

या पदाची पात्रता पाहिली म्हणजे कारण उलगडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी ५५ टक्के गुणांनी उत्तीर्ण असणे आणि नेट किंवा सेट परीक्षा आवश्यक आहे. त्याखेरीज शारीरिक क्षमतेची चाचणी आहे : ३० वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १,८०० मीटर अंतर कापावयाचे. फुटबॉल प्रशिक्षणाचा परवाना मात्र या अटींत नाही. उमेदवार किती धावतो हे मोजले जाते. चार मुलांना एका रेषेत उभे राहून हलायला तो शिकवू शकतो का, हे कोणी विचारत नाही. त्यातच राज्यातील महाविद्यालयीन भरती मध्यंतरी अनेक वर्षे रखडल्याने पदवी घेतलेल्या कित्येक तरुणांनी उमेदीचा काळ तुटपुंज्या मानधनावर काढला.

याचा सर्वाधिक फटका बचावालाच का बसतो, हे थोडे सविस्तर पाहावयास हवे. आघाडीचा खेळाडू अंगभूत चपळाईवर सामना फिरवू शकतो. बचाव हा एकट्याचा खेळ नाही. चेंडू घेऊन येणाऱ्यावर एकाने चालून जायचे, पण पाय घालण्याची घाई करायची नाही. त्याला अडवून धरायचे, कडेकडे रेटायचे. दुसऱ्याने त्याच्या तिरप्या मागे राहायचे, म्हणजे पहिला चुकला तर वाट मोकळी राहत नाही. उरलेल्या दोघांनी आत सरकून मधली जागा आवळायची. चौघे एकाच वेळी पुढे सरकले तर प्रतिस्पर्धी ऑफसाइडमध्ये सापडतो. एक जण पाऊलभर मागे राहिला की सारे मुसळ केरात. हे फळ्यावर पाच मिनिटांत समजते, पायांत उतरायला दोन-तीन हंगाम लागतात.

विद्यापीठ संघाची घडण या गरजेच्या नेमकी उलट आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून वेगवेगळ्या महाविद्यालयांचे खेळाडू निवडले जातात, अल्प मुदतीचे शिबिर होते आणि संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला रवाना होतो. चार महाविद्यालयांतून आलेले चार बचावपटू एकमेकांची हाक ओळखू लागतात तोवर स्पर्धा आटोपलेली असते. फुटबॉलची जुनी परंपरा असलेल्या कामठीतील रब्बानीसारख्या क्लबांतून येणारी मुले यात थोडी उजवी ठरतात; पण तो पाया क्लबने घातलेला असतो, महाविद्यालयाने नव्हे.

ज्याला खरोखर प्रशिक्षकच व्हायचे आहे त्याच्यासाठी दुसरी वाट परवान्यांची. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी परवान्यापासून सी, बी, ए असे चढत आशियाई महासंघाच्या प्रो परवान्यापर्यंत जाता येते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका हा त्याहून जुना मार्ग. परंतु परवाना हाती आला म्हणजे नोकरी मिळालीच असे नाही. गोव्याचे डेरिक परेरा हे स्वतः साळगावकर संघाचे बचावपटू. प्रशिक्षक म्हणून त्यांनी २००५-०६ मध्ये मुंबईच्या महिंद्र युनायटेडला राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकून दिली. २०१० मध्ये कंपनीने तो संघच बंद केला. तोवर ते पुणे एफसीकडे गेले होते; काही वर्षांनी त्या क्लबचाही व्यावसायिक संघ उरला नाही. परेरांच्या तोलामोलाच्या माणसाला पुढे एफसी गोवा आणि २३ वर्षांखालील भारतीय संघाची जबाबदारी मिळाली. बी परवान्यावर थांबलेल्या नागपूरच्या तरुणाला असा आसरा कोठून मिळणार?

नागपूरने तिसरी वाट दाखवली, आणि ती महाविद्यालयातूनच निघाली. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी भर पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतील मुले पाहिली. त्यांच्या हाती फुटबॉल देण्यापासून २००१ मध्ये जे काम सुरू झाले, त्यालाच पुढे ‘स्लम सॉकर’ हे नाव मिळाले. झोपडपट्टी फुटबॉलच्या सुरुवातीच्या स्पर्धेतच १२८ संघ उतरल्याची नोंद आहे. अमेरिकेतून परतलेले त्यांचे चिरंजीव अभिजित यांनीही या कामात उडी घेतली. २०१६ मध्ये संस्थेला ‘फिफा’चा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) याच कथेवर बेतलेला आहे. त्यात अमिताभ बच्चन यांनी प्रशिक्षकाची भूमिका केली. चित्रपटामुळे जिद्दीची गोष्ट घरोघरी पोहोचली, तिच्यामागच्या प्रशिक्षणाच्या तंत्राची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

हे तंत्र रंजक आहे. स्लम सॉकरचे खेळाडू ज्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचे प्रतिनिधित्व करतात, तेथे मैदान अवघे २२ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते आणि दोन्ही डाव सात-सात मिनिटांचे. गोलरक्षकासह चार खेळाडू. त्यांतील एकाने प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागातच थांबायचे. म्हणजे तिघांच्या चढाईसमोर बचावाला दोघेच, आणि गोलरक्षकाला आपला चौकोन सोडण्याची मुभा नाही. अशा खेळात बचाव चुकला की शिक्षा काही सेकंदांत मिळते. चेंडूवर कोण जाणार व मागे कोण राहणार, हे दोघांनी श्वासागणिक ठरवावे लागते. मोठ्या मैदानावर आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळी येणारा प्रसंग येथे मिनिटाला येतो. अरुंद गल्लीत वाढलेल्या मुलांना हे गणित लवकर उमगले तर नवल नाही.

२०१० मध्ये रिओ द जानेरो येथे या स्पर्धेत भारताचे नेतृत्व करणारा नागपूरचा अखिलेश पॉल पुढे स्वतः प्रशिक्षक झाला. खेळाडूतून प्रशिक्षक घडवण्याची ही साखळी संस्थेने जाणीवपूर्वक उभी केली. अमेरिकेत जे काम पदवीधर साहाय्यकाचे पद करते, ते नागपुरात एका सामाजिक संस्थेकडे आले. या साखळीतून तयार झालेला प्रशिक्षक मुलांना वर्षभर दोघा-चौघांचा बचाव शिकवू शकतो. त्याच मुलांपैकी कोणी महाविद्यालयात गेले आणि त्यांच्यामागे त्यालाही तेथील कायम पदावर यावयाचे झाले, तर आधी पदव्युत्तर पदवी, मग नेट किंवा सेट आणि त्यानंतर ती १२ मिनिटांची धाव.