सज्ञान पाल्याचें शिक्षण व प्राप्तिकर

शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर लोणंदचा विद्यार्थी पुण्यास किंवा साताऱ्यास महाविद्यालयांत जातो, आणि तो अठरा वर्षांचा झाला कीं त्याच्या शुल्काबद्दलची करसवलत संपली, असा कित्येक पालकांचा समज असतो. तो खरा नाहीं. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८० सी मध्यें वयाची अट नव्हती. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यांतहि ती घातलेली नाहीं. अमेरिकेंत मात्र पूर्ण वेळ शिकणारें मूल चोवीस वर्षांचें होईपर्यंतच विद्यार्थी म्हणून अवलंबित धरतात.

आपल्याकडे अट आहे ती शिक्षणाची. तें भारतांतील संस्थेंत व पूर्ण वेळ असलें पाहिजे. फक्त शिक्षणशुल्क धरलें जातें. देणगी किंवा वसतिगृहाचा खर्च नव्हे. विमा, भविष्यनिर्वाह निधि इत्यादि मिळून मर्यादा १,५०,००० रुपये आहे, व ती रक्कम उत्पन्नांतून वजा होते, करांतून नव्हे.

दोन पाल्यांची मर्यादा प्रत्येक करदात्यास स्वतंत्र आहे, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें. तिसऱ्या कन्येचें शुल्क मिळवत्या मातेनें स्वतः भरल्यास सवलत तिला मिळते. दोघांचें शुल्क आधींच दाखविणाऱ्या पित्यानें तें भरल्यास सवलत बुडते. उच्च शिक्षणाच्या कर्जावरील व्याजहि, ज्यानें कर्ज काढलें व व्याज फेडलें त्यालाच, आठ वर्षें वजा करतां येतें.

हें सर्व जुन्या करपद्धतीपुरतेंच. २०२३-२४ पासून नवी पद्धति आपोआप लागू होते व तींत ह्यांतलें कांहींच मिळत नाहीं. म्हणून पालकांनीं विवरणपत्र भरण्यापूर्वीं दोन्ही हिशेब मांडून पाहावेत.